पहाटे साडेपाचला मेट्रिक्सचा ग्राफ मरतो: इलास्टिकसर्चमधला परत परत येणारा प्रॉब्लेम

आधी लक्षण सांगतो, जुळलं तर पुढे वाचा. वेबसाइट व्यवस्थित चालू, ऑर्डर येतायत, पेमेंट होतंय, पण डॅशबोर्डवर रिस्पॉन्स टाइमचा ग्राफ पहाटे साडेपाचला कापल्यासारखा थांबतो, कुठल्याच लॉगमध्ये एरर नाही, इलास्टिकसर्च (डेटा साठवून शोधून देणारं सॉफ्टवेअर, ग्राफचे आकडे त्यातच) चालू आहे, रिस्टार्ट मारला तरी फरक नाही, मग वैतागून जुनं काहीतरी डिलीट केलं की सगळं सुरळीत. आणि दोन-तीन आठवड्यांनी परत तेच, तेही बरोब्बर साडेपाचलाच.

आमचं सेटअप साधं आहे. देवगडला घरचे आणि शेजारच्या चार-पाच बागायतदारांचे हापूस थेट गिऱ्हाइकाला पेटीने विकायचं छोटं वेब ॲप, नोड जेएसमध्ये, सर्वर मुंबईत भाड्याचा, आणि आठ जीबीच्या एकाच मशीनवर इलास्टिकसर्च ७.१०. प्रॉडक्ट सर्चसाठी ते आधीपासून होतंच, मग म्हणलं मेट्रिक्सपण, म्हणजे साइट कशी चाललीय त्याचे आकडे, त्यातच टाकू, वेगळं काही बसवायला नको. प्रत्येक रिक्वेस्टचं एक डॉक्युमेंट, म्हणजे एक नोंद: वेळ, पेजचा पत्ता, स्टेटस, किती सेकंद लागले. ॲपचा एक इंडेक्स (डॉक्युमेंटचा गठ्ठा), एनजिनएक्स या वेब सर्वरचा एक, डेटाबेसचा एक, मशीनचा एक आणि पेमेंटचा एक, असे पाच, आणि रोज नवीन तारखेचे पाच. नेटवरची बहुतेक उदाहरणं अशीच असतात म्हणून मीपण तसंच केलं.

पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा मी लाइटला शिव्या घातल्या, सवयीने. मग लक्षात आलं की सर्वर मुंबईत आहे, इथे देवगडजवळ जामसंड्यात लाइट गेली तर त्याला काय फरक पडतो. दुसऱ्यांदा होस्टिंगवाल्यांना मेल केला, त्यांनी सगळं ठीक आहे म्हणून कळवलं, आणि खरंच ठीक होतं. तिसऱ्यांदा आमचे आबाकाका, ज्यांना त्या स्क्रीनवर फक्त आज किती पेट्या गेल्या एवढंच बघायचं असतं, ते चहा पिताना म्हणाले, "सकाळीच कसो मरता रे तुझो ग्राफ?" आणि मग माझी ट्यूब पेटली. तोपर्यंत मी 'काय' बंद पडतंय तेच बघत होतो, 'कधी' याकडे लक्षच नव्हतं.

साडेपाच म्हणजे काय? आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. इलास्टिकसर्च तारीख-वेळ यूटीसीमध्येच ठेवतं आणि माझं स्क्रिप्टपण इंडेक्सचं नाव यूटीसी तारखेने बनवत होतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजले की तिथे मध्यरात्र होते आणि नवीन दिवसाचा इंडेक्स तयार करायची वेळ येते. जुन्या इंडेक्समध्ये लिहायला काही अडचण नव्हती, नवीन *बनवायला* अडचण होती. त्यामुळे आदल्या दिवशी दिवसभर सगळं छान, आणि साडेपाचला खल्लास.

इंडेक्स का बनत नव्हता तर शार्डची लिमिट. शार्ड म्हणजे इंडेक्सचा तुकडा, खरा डेटा त्यात बसतो. आवृत्ती ७.० पासून प्रत्येक डेटा नोडमागे (डेटा ठेवणाऱ्या मशीनमागे) १००० शार्ड ही डिफॉल्ट मर्यादा आहे, सेटिंगचं नाव मॅक्स शार्ड्स पर नोड. आता हिशोब बघा. रोज पाच इंडेक्स, प्रत्येकाचा एक प्रायमरी (मूळ) शार्ड आणि डिफॉल्टने एक रेप्लिका (त्याची जादा कॉपी), म्हणजे रोज दहा शार्ड. माझ्याकडे मशीन एकच, त्यामुळे रेप्लिका कुठे जाणारच नाही, प्रायमरी आणि त्याची कॉपी एकाच नोडवर ठेवत नाहीत, म्हणून क्लस्टर (सगळ्या नोडचा गट, माझ्याकडे एकाचाच) कायम पिवळं दिसायचं आणि मी म्हणायचो असू दे पिवळं. पण ती न लागलेली रेप्लिकासुद्धा लिमिटमध्ये मोजली जाते! म्हणजे हजारातले अर्धे शार्ड भुतं होती. रोज दहा म्हणजे शंभर दिवसांत हजार, किबानाचे (डॅशबोर्ड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) स्वतःचे थोडे इंडेक्स धरले तर जरा आधीच. आणि मी दरवेळी वीस दिवसांचा जुना डेटा उडवायचो, म्हणून मला बरोब्बर वीस दिवसांची उसंत मिळायची. दरवेळी वाटायचं की प्रॉब्लेम सुटला, खरंतर मी फक्त हप्ता भरत होतो.

यात अजून एक चकवा आहे ज्याने मला दोन वेळा भलतीकडे नेलं. लिमिटला ९९० च्या पुढे कुठेतरी असताना पाचांपैकी दोन-तीन इंडेक्स बनतात आणि बाकीचे अडतात. त्यामुळे एनजिनएक्सचा ग्राफ चालू, ॲपचा बंद, आणि आपण ॲपचा कोड उकरत बसतो. कोणता इंडेक्स आधी बनला हे फक्त त्या दिवशी कोणाचं डॉक्युमेंट पहिलं पोचलं त्यावर होतं, बाकी काही अर्थ नाही त्यात.

मग एरर का दिसला नाही, हा खरा रागाचा मुद्दा. मी बल्क एपीआय वापरतो, पाचशे डॉक्युमेंट एका दमात. बल्कचं उत्तर एचटीटीपी २००, म्हणजे 'ठीक आहे', येतं, आतली पाचशेच्या पाचशे डॉक्युमेंट नाकारली असली तरी २०० च. उत्तराच्या आत 'एरर्स' नावाचं एक फील्ड असतं, ते ट्रू असेल तर प्रत्येक आयटमचा स्टेटस वेगळा बघायचा असतो. माझं स्क्रिप्ट २०० बघून खूश होऊन पुढे जात होतं, म्हणजे गाडी रिकामी पोचली तरी पावतीवर सही. हे तपासणं टाकलं त्या दिवशी पहिल्यांदा खरा एरर डोळ्याला दिसला: या कामाने दोन शार्ड वाढतील पण क्लस्टरमध्ये आधीच १००० पैकी १००० उघडे आहेत. तुमच्याकडे काहीही प्रॉब्लेम असो, बाकी सगळं सोडा आणि आधी हे करा, कारण खाली सांगतोय त्यातले बरेच प्रॉब्लेम याच पडद्याआड लपून बसले होते.

आता चुकीचे उपाय, जे मी सगळे केले.

एक म्हणजे लिमिटच वाढवली, १००० ची ३०००. सेटिंग बदलायला अर्धा मिनिट, आणि लगेच चालू झालं. पण लिमिट उगाच नाहीये, प्रत्येक शार्ड म्हणजे आतून ल्यूसीनचा (इलास्टिकसर्चच्या पोटातल्या सर्च इंजिनचा) एक पूर्ण इंडेक्स, त्याच्या फाइली, त्याची मेमरी, त्याचा क्लस्टर स्टेटमधला पसारा. इलास्टिकच्याच लोकांचा त्या काळातला सल्ला होता की एक जीबी हीपमागे (इलास्टिकसर्चला दिलेल्या मेमरीमागे) वीसच्या आत शार्ड ठेवा. माझं मशीन आठ जीबीचं, हीप अर्धा म्हणजे चार, तर मला झेपणारे शार्ड ऐंशी. आणि माझ्याकडे भुतं वगळली तरी पाचशे! त्यात लिमिट वाढवल्यावर पंधरा दिवसांतच सर्च धापा टाकायला लागला, गार्बेज कलेक्शनमध्येच (मेमरीतला कचरा झाडण्यातच) सगळा वेळ, आणि त्याचा फटका मेट्रिक्सला नाही तर गिऱ्हाइकाच्या प्रॉडक्ट सर्चला बसला कारण दोन्ही एकाच मशीनवर. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात. काकांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

दुसरं म्हणजे डिलीट बाय क्वेरी. वाटलं की इंडेक्स राहू दे, आतली जुनी डॉक्युमेंट फक्त उडवू. याने शार्ड एकही कमी होत नाही हे तर आहेच, पण डिस्कपण लगेच मोकळी होत नाही. ल्यूसीनचे सेगमेंट (डेटाच्या फाइली) एकदा लिहिले की बदलत नाहीत, डिलीट म्हणजे फक्त 'हे गेलं' अशी खूण, खरी जागा सुटते ती नंतर सेगमेंट मर्ज होतील तेव्हा, आणि मर्ज चालू असताना उलट थोडी जास्तच जागा लागते. खराब आंब्यावर खडूने फुली मारली म्हणून पेटी हलकी होत नाही, तसं. मेट्रिक्सचा जुना डेटा काढायचा तर अख्खा इंडेक्स उडवायचा, ते काम सेकंदात होतं आणि जागा तिथल्या तिथे सुटते. इथे टाइम सीरीज (वेळेप्रमाणे येत राहणारे आकडे) ठेवायची सगळी पद्धतच त्यावर उभी आहे.

डिस्कचं निघालंच आहे तर, तुमचा ग्राफ साडेपाचला न थांबता भलत्याच वेळी, दुपारी बारा चाळीसला वगैरे थांबत असेल, तर शार्ड सोडा आणि आधी डिस्क बघा. डिस्क ९५ टक्के भरली की ज्या नोडवर ती भरली त्यावरचे इंडेक्स फक्त-वाचा-आणि-डिलीट-करा अशा मोडमध्ये जातात, त्याला फ्लड स्टेज म्हणतात. ७.४ पासून जागा केली आणि वापर ९० च्या खाली आला की ते कुलूप आपोआप निघतं, त्याआधीच्या आवृत्तीत हाताने काढावं लागायचं, आणि लोक जागा करून वाट बघत बसायचे.

खरा उपाय तीन भागांत झाला, आणि मधे एकदा मीच मोडून ठेवला.

पहिलं, रेप्लिका शून्य. सगळ्या चालू इंडेक्सना आणि टेम्प्लेटमध्येसुद्धा (नवीन इंडेक्सच्या साच्यात), नाहीतर उद्याचा इंडेक्स परत एक घेऊन जन्माला येतो. एकच नोड असताना रेप्लिकाचा फायदा शून्यच आहे. हे केल्याबरोबर आकडा अर्ध्यावर आला आणि क्लस्टर आयुष्यात पहिल्यांदा हिरवं दिसलं. (मशीन गेलं तर डेटा गेला हे मान्य करून. स्नॅपशॉट, म्हणजे बॅकअप, घेतो रोज, मेट्रिक्ससाठी तेवढं बास.)

दुसरं, रोजचा इंडेक्स बंद. आमच्यासारख्या छोट्या ॲपचा दिवसाचा डेटा काही एमबी, त्याला रोज नवीन शार्ड म्हणजे एका आंब्याला एक पेटी. त्याऐवजी डेटा स्ट्रीम, ७.९ पासून मिळतात. आपण एकाच नावाला लिहीत राहायचं, मागचे इंडेक्स तो स्वतः बनवतो, आणि लाइफसायकल पॉलिसीमध्ये सांगायचं की सात दिवस झाले किंवा अमुक जीबी झाले, जे आधी होईल तेव्हा नवीन सुरू कर, आणि तीस दिवसांनी जुना डिलीट कर. यात तीन गोष्टींना ठेच लागली. तीस दिवस इंडेक्स बनल्यापासून मोजत नाहीत, रोलओव्हर झाल्यापासून (लिहिणं पुढच्या नवीन इंडेक्सवर गेल्यापासून) मोजतात, म्हणजे सगळ्यात जुना डेटा सदतीस दिवसांपर्यंत राहतो, डिस्कचा हिशोब सदतीसने करा. पॉलिसी दर दहा मिनिटांनी तपासली जाते, लावल्या लावल्या काही होत नाही म्हणून घाबरून चार वेळा बदलू नका, मी बदलली. आणि डेटा स्ट्रीमला बल्कमध्ये 'इंडेक्स' नाही, 'क्रिएट' पाठवावं लागतं, नाहीतर प्रत्येक डॉक्युमेंट नाकारतो... २०० देऊन. हे मला कळलं ते फक्त वरचं एरर तपासणं टाकलेलं होतं म्हणून.

पाच इंडेक्सचेपण दोन केले, एक ॲप-एनजिनएक्स-पेमेंटचा आणि एक डेटाबेस-मशीनचा, कुठून आलं ते एका फील्डमध्ये. आता एकूण शार्ड मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात, वर किबानाचे चार.

तिसरं मॅपिंग, म्हणजे कुठल्या फील्डचा प्रकार काय त्याची यादी, आणि इथे साडेपाचचं दुसरं भूत बाहेर आलं. आधीपासून एक विचित्र गोष्ट व्हायची, काही दिवस असे असायचे की ग्राफ बंद नाही पण सबंध दिवस शून्याला चिकटलेला, दुसऱ्या दिवशी परत नीट. मला वाटायचं डॅशबोर्डचा बग. झालं असं की मॅपिंग मी दिलंच नव्हतं, इलास्टिकसर्च पहिलं डॉक्युमेंट बघून स्वतः ठरवत होतं की या फील्डचा प्रकार काय. दशांश दिसला तर फ्लोट, पूर्णांक दिसला तर लाँग. मी रिस्पॉन्स टाइम सेकंदात, दोन दशांशांपर्यंत पाठवायचो. पहाटे साडेपाचला साइटवर चिटपाखरू नसतं, नवीन दिवसाचं पहिलं डॉक्युमेंट बहुतेक वेळा हेल्थ चेकचं (साइट जिवंत आहे का बघणाऱ्या आपोआप रिक्वेस्टचं), त्याला लागले ०.०० सेकंद, आणि जावास्क्रिप्ट ते जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या मजकुरात) नुसतं ० म्हणून लिहितं. झालं, त्या दिवसापुरतं फील्ड लाँग. मग दिवसभर ०.४२, ०.८७ जे येईल ते नाकारलं जात नाही, कोअर्स नावाची सोय डिफॉल्टने चालू असते ती दशांश छाटून टाकते आणि ० साठवते. एक सेकंदाच्या आतलं सगळं शून्य. ज्या दिवशी पहिली रिक्वेस्ट ०.०१ ची आली तो दिवस नशीबवान. डॅशबोर्ड शून्य दाखवतो, आणि तुम्ही मूळ डॉक्युमेंटचं जेसन उघडलं तर तिथे ०.४२ च दिसतं कारण मूळ सोर्स जसाच्या तसा ठेवलेला असतो, त्यामुळे माणूस अजूनच चक्रावतो.

तुमच्याकडे असं आहे का बघायचं तर नीट चाललेल्या दिवसाचं आणि शून्यवाल्या दिवसाचं मॅपिंग शेजारी-शेजारी काढा, त्या एका फील्डचा प्रकार वेगळा दिसेल. उपाय म्हणजे टेम्प्लेटमध्ये फील्डचे प्रकार स्वतः लिहा: वेळ ती डेट, आकडे फ्लोट, पेजचा पत्ता आणि स्टेटस कीवर्ड (न तोडता अख्खी ठेवलेली स्ट्रिंग). स्ट्रिंगला काही सांगितलं नाही तर टेक्स्ट आणि कीवर्ड दोन्ही करतं, पेजच्या पत्त्याचे शब्द तोडून शोधायची गरज कोणाला आहे, फुकट जागा. टेम्प्लेट बदलला तरी चालू इंडेक्सला तो लागत नाही, पुढच्या नवीन इंडेक्सलाच लागतो, म्हणून बदलल्यावर एकदा हाताने रोलओव्हर मारा.

आणि आता मी मोडून ठेवलेलं. माझ्या मित्राने, जो मला यात मदत करतो, डिलिव्हरी कुठल्या भागात किती ते बघायला पिनकोडलाच फील्डचं नाव केलं होतं, म्हणजे देशभरातला प्रत्येक पिनकोड एक वेगळं फील्ड. रोज नवीन इंडेक्स होता तोवर रोज पाटी कोरी व्हायची म्हणून खपून गेलं, फक्त अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत संध्याकाळी काही डॉक्युमेंट गायब व्हायची. एका इंडेक्समध्ये फील्डची डिफॉल्ट मर्यादा १०००. सात दिवसांचा इंडेक्स केल्यावर तिसऱ्याच दिवशी भरला आणि नवीन पिनकोड आला की ते डॉक्युमेंट आउट. म्हणजे एक रोग बरा करताना दाबलेला दुसरा वर आला. पिनकोड हे नाव नाही, किंमत आहे: 'पिनकोड' हे एकच कीवर्ड फील्ड आणि त्यात आकडा. वर टेम्प्लेटमध्ये डायनॅमिक फॉल्स केलं, म्हणजे ओळखीचं नसलेलं फील्ड सोर्समध्ये राहतं पण इंडेक्स होत नाही, त्यावर शोधता येत नाही. स्ट्रिक्ट केलं तर अख्खं डॉक्युमेंटच नाकारतो, मला तेवढी शिस्त परवडत नाही.

काकांच्या 'आज किती पेट्या'चं पण निस्तरलं. दिवसाचे आकडे काढताना डेट हिस्टोग्रामला (दिवसाप्रमाणे गट करणाऱ्या क्वेरीला) टाइम झोन एशिया/कोलकाता दिला नाही तर दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि वहीशी कधीच जुळत नाही, रात्री बारानंतर पडलेल्या मुंबईच्या ऑर्डरी सगळ्या आदल्या दिवसात.

कोणी म्हणेल एवढं करण्यापेक्षा प्रोमेथियस (खास मेट्रिक्ससाठीचं सॉफ्टवेअर) का नाही. बरोबर आहे, त्यांच्याच डॉक्युमेंटेशनप्रमाणे तिथे एका सँपलला (एका आकड्याला) सरासरी एक-दोन बाइट लागतात, इथे एका डॉक्युमेंटला माझ्याकडे शंभरच्या वर जातात (स्टोअर साइज भागिले डॉक्स काउंट, कॅट इंडायसेस या इंडेक्सच्या यादीत दोन्ही मिळतात). नुसते आकडे हवे असतील तर तिकडेच जा. मला इथे राहायचं कारण एकच, एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन आला की पैसे कापले पण ऑर्डर दिसत नाही, तर त्या एका रिक्वेस्टपर्यंत जाऊन बघता येतं. नवीन सुरू करणार असाल तर ८.७ पासून टाइम सीरीज मोड पक्का झालाय, त्याने जागा बरीच वाचते, पण ठराविक वेळेच्या खिडकीबाहेरचं डॉक्युमेंट तो घेत नाही, म्हणजे नेट गेलं आणि आकडे पाठवणाऱ्या प्रोग्रामने (एजंटने) साठवलेलं दुसऱ्या दिवशी पाठवलं तर नाकारलं जाऊ शकतं. कोकणात बसून मशीनचे मेट्रिक्स पाठवणाऱ्याने हे आधी तपासावं.

पहारा मात्र इलास्टिकसर्चच्या बाहेर ठेवा. माझा एक क्रॉन (ठराविक वेळाने आपोआप चालणारं काम) दुसऱ्याच छोट्या मशीनवर दर पाच मिनिटांनी सगळ्यात नवीन डॉक्युमेंटची वेळ विचारतो, दहा मिनिटांपेक्षा जुनी असेल तर टेलिग्रामवर मेसेज. शार्ड किती, डिस्क किती असं वीस गोष्टी मोजण्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाचा निघाला.

राहिले ते शून्यवाले जुने दिवस. ते गेले असं समजून उडवू नका, सोर्समध्ये खरे आकडे आहेतच. नीट मॅपिंगचा नवीन इंडेक्स बनवायचा आणि रीइंडेक्स मारायचं (जुना डेटा त्यात परत कॉपी करायचा), ०.४२ परत ०.४२ होतो. एका वेळी एकच दिवस घ्या कारण तेवढा वेळ डेटा दुप्पट जागा खातो, दोन्हीकडचा डॉक काउंट जुळवा, मगच जुना डिलीट, मग पुढचा दिवस. माझा पाडव्याचा दिवस असाच परत मिळाला, सकाळी नऊ ते अकरा पेमेंटच्या पेजला जवळजवळ एक-एक सेकंद लागत होता आणि मी तेव्हा शून्याकडे बघत बसलो होतो.